पोथीबरोबर एक चरित्रही वाचा

श्रावण लागला की गावोगाव पोथी लागते. दिवसभराची निंदणी-खुरपणी आटोपून मंडळी देवळात जमतात. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. या पोथ्यांतली ‘भक्तिविजय’ पाहा. राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींनी ती १७६२ साली पूर्ण केली. तिच्यात काय आहे? नामदेव, गोरोबा, चोखोबा अशा माणसांच्या हकिकती. म्हणजेच चरित्रे! त्याहीपूर्वी, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून, माणसांना विचारून गोळा केल्या. त्यांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. संत बहिणाबाईंनी तर आपली कहाणी अभंगांतून स्वतःच सांगितली. तेव्हा चरित्र वाचणे हे शहरातल्या शिकल्यासवरल्यांचे काम, असे कुणी समजू नये. ती आपल्याच अंगणातली चाल आहे.

नाशिक जिल्ह्यातील वाचकांना तर यासाठी लांब जायलाच नको. नाशिक शहराला लागून गोदाकाठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे-ओवळे विलक्षण कडक. मुलीला शाळा कसली? अकराव्या वर्षी लग्न झाले आणि नारायण वामन टिळक या कवीच्या संसारात त्या आल्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. टिळक मोठ्या मनाचे, पण लहरी. हातात पैसा टिकायचा नाही. घरात चणचण असली तरी दुसऱ्याची नड पाहिली की ते खिसा रिकामा करायचे. चूल मात्र लक्ष्मीबाईंनाच पेटवावी लागे.

पुढे १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या धर्मात, पदरात लहान मुलगा आणि चहूबाजूंनी लोकांची बोलणी. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग पुन्हा संसार एकत्र आला. जातिभेदाचा विचार त्यांनी मनाशी झगडून, स्वतःच्या अकलेने सोडला; त्यानंतर १९०० साली त्यांनीही धर्मांतर केले. अनाथ मुलांना त्यांनी आपल्या घरात आसरा दिला. आणि ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. १९३६ साली नाशिकलाच त्यांचा शेवट झाला.

या पुस्तकाची भाषा घरातली आहे. ओसरीवर बसून आजीने गोष्ट सांगावी तशी. दुःखाचे प्रसंग सांगतानाही त्या हसतात आणि आपल्यालाही हसवतात. धर्म कोणता घ्यावा हे शिकण्यासाठी हे पुस्तक वाचायचे नाही. घरावर एकामागून एक संकटे येत असताना एक बाई पाय रोवून कशी उभी राहिली, हे त्यातून समजते. सासू-सुनांनी मिळून वाचावे असे हे पुस्तक आहे.

दुसरे पुस्तक घरातल्या कर्त्या पुरुषांसाठी सुचवतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचे आनंद यादव यांचे ‘झोंबी’. हे १९८७ साली आले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही शेतकऱ्याच्या मुलाची कहाणी. बापाने शाळा सोडवून त्याला शेतात जुंपलेले. पोराला शिकायचे आहे, पण बापापुढे बोलायची छाती नाही. शेवटी आई त्याला घेऊन गावातल्या वजनदार माणसाकडे जाते आणि तो बापाला चार शब्द सुनावतो. मग तडजोड होते ती अशी: सकाळी शेतात पाणी पाजायचे, मग शाळा, शाळेनंतर पुन्हा गुरे. ढोरांमागे हिंडताना हा पोरगा कविता जुळवी. कागद नसला तर काठीने म्हशीच्या पाठीवर अक्षरे काढी! पुढे तो प्राध्यापक आणि लेखक झाला.

हे वाचताना बापाचा राग येतो, पण त्याची अडचणही कळते. कारण तीच अडचण आज आपल्याही घरात आहे. कांदा काढणीला आला, द्राक्षाची छाटणी निघाली, मजूर मिळेना की आधी शाळा बुडते ती पोरांची. त्यातही पोरीची अगोदर. अशा वेळी उपदेश कुणालाच ऐकवत नाही. मात्र पुस्तकातला बाप आपल्यासारखाच बोलताना ऐकला, की माणूस आपोआप विचारात पडतो.

चरित्रे वाचताना थोडे तारतम्यही हवे. अनुयायाने लिहिलेल्या चरित्रात भक्ती अधिक असते, चुका झाकल्या जातात. स्वतः लिहिलेल्या चरित्रात माणूस स्वतःची बाजू सांगतो. म्हणून जमल्यास एकाच माणसाबद्दल दोन पुस्तके वाचावीत. कुठल्याही मोठ्या माणसाची पूजा मांडू नये आणि एका चुकीवरून त्याला मोडीतही काढू नये. जन्मतःच तो मोठा होता, असे सांगणारे पुस्तक बाजूला ठेवावे. तो कुठे अडला, कुणी हात दिला, काय सोसले, हे सांगणारे पुस्तक जवळ करावे.

पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. आपल्या किंवा शेजारच्या गावात असे वाचनालय आहे का, याची चौकशी करावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे. बाजाराला किंवा मोंढ्याला जाणे होतेच. येताना पिशवीत एक पुस्तक आणावे.

रोज दहा पाने पुरेत. जेवणे झाली की दूरदर्शन संच अर्धा तास बंद ठेवावा, मोबाइल फळीवर ठेवावा आणि घरातल्या शाळकरी मुलीला मोठ्याने वाचायला सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येते. ऐकता ऐकता आजी मध्येच म्हणेल, “अगं, आमच्या वेळीसुद्धा अस्संच होतं!” तेव्हा पुस्तक मिटावे आणि आजीला बोलू द्यावे. ती सांगेल ते मुलीने वहीत उतरवून घ्यावे: १९७२ चा दुष्काळ, विहिरीची खोदाई, पहिली मोट, पहिले इंजिन. ही वही कपड्यांच्या पेटीत जपून ठेवा. तुमच्या नातवंडांना ती शेताच्या उताऱ्याइतकीच मोलाची वाटेल.