पार्ट मिळतो का, ते आधी विचारा

लेखमाला : चारचाकी घरात आली (लेखांक 7)

शिळफाट्यावरच्या पार्टच्या दुकानात येणारा माणूस बहुतेक वेळा हातात काहीतरी घेऊनच येतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झिजलेलं बेअरिंग, तुटलेली क्लचवायर, चिखलाने माखलेला रबरी पाइप. दुकानदार ती वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, "गाडी कुठली? साल कुठलं?" उत्तर अल्टो, वॅगनआर किंवा ओम्नी असेल तर त्याचा हात मागच्या फळीकडे जातो. दुसरंच काही नाव निघालं तर हात जातो फोनकडे. फळी आणि फोन यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

निमित्त कर्जतच्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाचं. त्यांना कर्जत-खोपोली रोजच्या येण्याजाण्यासाठी जुनी छोटी गाडी घ्यायची आहे. बाजारात बंद झालेल्या एका मॉडेलची गाडी त्यांना त्याच वयाच्या अल्टोपेक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत मिळते आहे. गाडी दिसायला छान, फार चाललेलीही नाही. "मग एवढी स्वस्त का?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

आधी घाटाबद्दल बोलू, कारण आपल्याकडच्या गाडीचे कोणते भाग आधी संपतात ते घाट ठरवतो. 1830 साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला तेव्हा त्या बैलाघोड्यांच्या होत्या. चढ मात्र तोच आहे. भरलेली छोटी गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, पुढच्या ट्रकमागे थांबत थांबत वर चढते, तेव्हा दर वेळी अर्धा क्लच दाबून ती उचलावी लागते. क्लचप्लेटचं अस्तर त्यातच जळतं. उतरताना गियरऐवजी नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की पॅड आणि मागचे लायनर जातात. सपाटीवर जी क्लचप्लेट वर्षानुवर्षं टिकते, ती इथे बरीच लवकर मागितली जाते. क्लच बदलायचा म्हणजे गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ती मजुरी दोनदा पडू नये म्हणून प्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घेणं शहाणपणाचं. नुसती प्लेट टाकून आठशे-हजार रुपये वाचवणारे तीन महिन्यांनी परत त्याच गॅरेजात दिसतात.

दुसरा शत्रू उष्णता. थर्मोस्टॅट, रेडिएटरचा पाइप, पंख्याचा स्विच हे छोट्या गाडीतले अगदी कमी किमतीचे भाग. पण चढावर त्यांतला एक जरी निकामी झाला तरी इंजिन तापतं, हेड गॅस्केट उडतं, आणि हेड वाकलं असेल तर ते लेथवाल्याकडे फेसिंगला न्यावं लागतं. शेकड्यांत मिटणारं काम हजारांत जातं. म्हणून काट्याने लाल खूण गाठण्याआधी गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, अंगावर वाफ येते.

हे झिजणारे भाग स्वस्त आणि सहज का मिळतात? कारण ते बहुतेक वेळा गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. दिवे ल्युमॅक्ससारख्या, शॉकअॅब्सॉर्बर गॅब्रिएलसारख्या, इंधन आणि विजेचे भाग बॉशसारख्या पुरवठादारांकडून येतात. त्यांतले बरेच जण तोच माल स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. गाड्या भरपूर असल्या की आणखी पाच जण तो भाग बनवू लागतात, आणि किंमत आपोआप आटोक्यात राहते. पत्र्याचं मात्र तसं नाही. दरवाजा, बॉनेट, बंपर यांच्यासाठी मोठाले साचे लागतात. ते कंपनीच्या मालकीचे असतात आणि मॉडेल थांबल्यावर मागणी असेपर्यंतच ते चालवणं परवडतं. काच, दिव्याची अख्खी फ्रेम, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, इंजिनचा संगणक या सगळ्यांची हीच गत. इंजिन ठणठणीत आणि गाडी उभी कशासाठी, तर एका सेन्सरसाठी, असं आता वारंवार घडतं.

मारुती 800 बघा. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये शेवटची कारखान्यातून बाहेर पडली. तरी तिचे कितीतरी भाग आजही फळीवर सापडतात. तिचं 796 सीसीचं इंजिन ओम्नीलाही होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत राहिली. आपल्या तालुक्यांत शाळेची मुलं वाहणाऱ्या ओम्नींनी 800च्या मालकांवर केलेले हे उपकारच म्हणायचे. फियाटच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाचीही गोष्ट तशीच. ते पुन्टोत होतं, इंडिका व्हिस्टात होतं आणि स्विफ्टमध्येही होतं. फियाटने इथली विक्री थांबवल्यावर पुन्टोवाल्यांना इंजिनच्या भागांसाठी स्विफ्टचा आधार राहिला. बंपरसाठी मात्र तसा कोणाचाच आधार नाही.

उलट नॅनो. 2009 मध्ये आली, 2018 मध्ये थांबली. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं मागचं इंजिन फक्त तिचंच. एवढ्या कौशल्याने बनवलेली गाडी, पण तिला भावंडं नाहीत. घाट चढून लोणावळा ओलांडलं की तळेगाव येतं. तिथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हर्ले स्पार्क आणि बीट बनत असत. 2017 च्या अखेरीस कंपनीने देशातली विक्री बंद केली, 2020 च्या डिसेंबरात उत्पादनही थांबवलं, आणि 2024 च्या जानेवारीत तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. सुटे भाग आणि सेवा चालू ठेवण्याचं आश्वासन कंपनीने जाताना दिलं होतं. पण गाडी शेजारच्या गावात जन्मली म्हणून तिचा दिवा शेजारच्या दुकानात मिळेल, असा हिशेब या धंद्यात नसतो. रस्त्यावर त्या गाड्या किती उरल्या आहेत, यावर दुकानदार माल भरतो. मुंबईतली प्रीमियर पद्मिनी कारखाना थांबल्यावरही दोन दशकं टॅक्सी म्हणून धावली, अगदी ऑक्टोबर 2023 पर्यंत, ती याच गर्दीच्या बळावर.

मला स्वतःला हे एका मागच्या दिव्याने शिकवलं. कर्जतच्या बाजारात एका टेम्पोने माझ्या आधीच्या गाडीचा उजवा दिवा फोडला. मॉडेल तेव्हा बंद झालं होतं. दीड महिना "मागवलाय" एवढंच ऐकत होतो. जुलै महिना, रात्रीचा पाऊस आणि मागून एकच लाल दिवा. त्या दिवसांत बायको आणि मुलगी गाडीत असल्या की मी जीव मुठीत धरून चालवायचो. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या बाजारात तो दिवा मिळाला. जुना दिवा, दरवाजा, आरसा तिथून घ्यायला हरकत नाही, फक्त पावती मागा. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी जुने घेऊ नका.

भावाचं म्हणाल, तर काही गोष्टी ग्राहकाच्या बाजूने झाल्या आहेत. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने देत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण साध्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हे आयोगाने तेव्हाच बजावलं होतं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर एकच 18 टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो 28 टक्के होता. म्हणजे करापूर्वी हजाराचा असलेला भाग 1,280 ऐवजी 1,180 ला पडायला हवा. जुन्या छापील किमतीचं खोकं कोणी पुढे केलं तर हे विचारा.

विम्यातला एक मुद्दा इथेच सांगतो. साध्या सर्वंकष विम्यात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, गाडी नवी असली तरी. काचेवर काहीच कापत नाहीत. हल्ली बंपरपासून ग्रिलपर्यंत सगळं प्लॅस्टिकचं, त्यामुळे छोट्या धडकेतही निम्मा खर्च आपल्या खिशातून जातो. झीरो डेप घेतलं तर ही कपात टळते, पण गाडी जुनी होत गेली की ते मिळणं कठीण होतं.

त्या शिक्षिकेला मी सांगितलं, सौदा करण्याआधी गाडीच्या आरसी बुकाचा फोटो घेऊन शिळफाट्यावर जा. चेसिस नंबर दाखवा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पार्ट बदललेला असतो. मग पाच वस्तूंचा भाव विचारा : क्लचसेट, पुढचा दिवा, पुढची काच, बंपर आणि इंजिनचा संगणक. किती दिवसांत मिळेल तेही विचारा, आणि तीच यादी अल्टोसाठीही विचारा.

त्या शनिवारी गेल्या. अल्टोचा संगणक सोडला तर बाकी सगळं दुकानदाराने तिथेच सांगितलं. दुसऱ्या गाडीचा क्लचसेट संध्याकाळपर्यंत पनवेलहून येईल म्हणाला. उरलेल्या चारही वस्तूंसाठी त्याने फोन उचलला, दोन ठिकाणी विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, सोमवारी सांगतो."