रस्त्याची शिरगणती

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. तेथून दिवसाकाठी किती वाहने जातात, हे कसे कळावे? कोपऱ्यावर माणूस बसवून मोजावे, हा जुना उपाय. इंडियन रोड्स काँग्रेसने 1972 साली घालून दिलेला दंडक असा की, ही गणना वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या व बाजाराच्या हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत, सलग सात दिवस अहोरात्र करावी. नाशिककरांना यातील मर्म सांगावयास नको. द्राक्षे निघण्याच्या दिवसांतला रस्ता आणि भर पावसाळ्यातला रस्ता हे जणू दोन निराळे रस्ते असतात.

परंतु नुसती डोकी मोजून भागत नाही. त्याच संस्थेच्या 1990 सालच्या कोष्टकात मोटारीचा आकडा 1 धरला आहे, दुचाकीचा अर्धा, ट्रक वा बसचा 3, आणि लहानशा बैलगाडीचा 6! बैलगाडी मंद चालते व मागच्यांना अडवून धरते, म्हणून हा मान. रस्ता खचतो तो मात्र ओझ्याने. अमेरिकेत इलिनॉय येथे 1958 ते 1960 या काळात झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. तेव्हा वाहन कोणते, किती वेगाचे व किती वजनाचे, हे सारे कळले पाहिजे.

येथे यंत्र मदतीस येते. रस्त्यात चर पाडून तारेचे वेटोळे पुरतात व त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह खेळवतात. वर वाहन आले की त्याच्या धातूमुळे वेटोळ्याच्या विद्युत्गुणात फरक पडतो आणि त्याची नोंद होते. चार मीटर अंतरावर अशी दोन वेटोळी असली आणि दुसऱ्याने पाव सेकंदानंतर वर्दी दिली, तर वेग ताशी सुमारे 58 किलोमीटर झाला. आसाचे वजन सांगण्यासाठी दाबाने वीज उत्पन्न करणाऱ्या पट्ट्या रस्त्यात बसवतात.

मात्र डांबर उखडले की तार तुटते, आणि दोन मार्गिकांच्या मधून निसटणारी दुचाकी वेटोळ्याला दिसतच नाही. म्हणून वर कमानीवर रडार, अवरक्त किरणांचे यंत्र किंवा कॅमेरा बसवतात. त्याला सबंध रस्ता दिसतो; पण धुवाधार पावसात व दाट धुक्यात कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते, आणि उंच ट्रकाआडची मोटार त्याला दिसत नाही. वजन तर त्याला मुळीच कळत नाही.

पथकर नाक्यावरची नोंद पुरेशी नाही काय, असे कोणी विचारील. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला पथकर माफ आहे. त्यामुळे वसुलीच्या हिशेबात रस्त्यावरचा एक मोठा वर्ग येतच नाही.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. रस्त्याचा थर किती जाड घालावा, कसारा घाटात अवजड गाड्यांना कोणत्या वेळी थोपवावे, दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात यात्रेकरूंच्या गाड्या शहराबाहेर कोठे थांबवाव्यात, हे सारे याच मोजणीवर ठरते. मोजणी चुकली तर तिचा दंड खड्ड्यात आदळणारा प्रवासी आणि कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका भरते. म्हणून जमिनीतल्या तारेने सांगावे, कमानीवरच्या डोळ्याने ते पडताळावे, आणि दोहोंत तफावत पडली तर माणसाने स्वतः जाऊन पाहावे, हेच शहाणपणाचे.