एका मोठ्या संख्येचे अवयव

दोनास दोनाने वारंवार गुणीत गेल्यास ४, ८, १६, ३२ असे दोनाचे घात मिळतात. त्या प्रत्येकातून १ वजा केला म्हणजे ३, ७, १५, ३१ या संख्या येतात. यांपैकी ३, ७ व ३१ या मूळ संख्या होत. १५ ही मात्र ३ व ५ यांचा गुणाकार आहे. घातांक संयुक्त असल्यास अशी संख्याही संयुक्तच असते. परंतु घातांक मूळ असला की संख्या मूळ असेलच, असे नव्हे. दोनाच्या अकराव्या घातातून १ वजा केल्यास २,०४७ उरतात. आणि २३ गुणिले ८९ म्हणजेच २,०४७.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली, ज्यांपासून मूळ संख्या मिळतात अशा २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी प्रसिद्ध केली. तीत ६७ हा घातांक होता. त्यापासून मिळणारी संख्या एकवीस अंकी आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही संख्या मूळ नाही, हे एद्वार ल्यूका याने १८७६ साली सिद्ध केले. त्याने एका विशिष्ट श्रेणीतील पदांना या संख्येने भागून बाकी तपासली. संख्या मूळ असती तर विवक्षित ठिकाणी बाकी शून्य आली असती. ती आली नाही. अशा रीतीने संख्येला अवयव आहेत हे निश्चित झाले, पण ते कोणते, हे अज्ञातच राहिले.

शोधाला एका नियमाचे साहाय्य होते. अशा संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास घातांकाच्या दुपटीने भागले असता बाकी १ उरते. २३ व ८९ यांना २२ ने भागून वाचकास याचा पडताळा घेता येईल. ६७ च्या बाबतीत हा भाजक १३४ होतो. तरीही तपासावयाच्या संख्या लक्षावधी उरतात. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल याने वर्गसंख्यांच्या बाक्यांचा उपयोग करून त्या आणखी कमी केल्या आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत आपला निष्कर्ष मांडला. असे सांगतात की, तो एक शब्दही बोलला नाही. फळ्यावर त्याने एका बाजूस दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली.

मेर्सेनच्या यादीत २५७ हा घातांकही चुकीचा होता, तर ६१, ८९ व १०७ हे राहून गेले होते, असे पुढे आढळले.

कोलचा गुणाकार कागदावर तासाभरात तपासता येतो. अवयव शोधण्यास मात्र त्याला, आख्यायिकेनुसार, तीन वर्षांचे रविवार लागले. गुणाकार सुकर व अवयव पाडणे दुष्कर, या विषमतेवरच १९७७ साली मांडली गेलेली गुप्तलेखनाची एक प्रसिद्ध पद्धती आधारलेली आहे. तीत योजलेल्या संख्या शेकडो अंकी असतात.