घाट आणि घड्याळ (भाग ९) : गाड्यावर नंबर का रंगवत नाहीत?

थापलिंगच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत घाटाच्या कडेला उभे राहा. पुढे घोडी, मागे चार बैल आणि हलका लाकडी गाडा. वर माणूस नाही. माईकवर 'भिर्रर्र' होते, भंडारा उडतो आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. एवढ्या धुरळ्यातही गाडा कुणाचा हे पारगावच्या शाळकरी पोराला ठाऊक असते. तरी गाड्यावर कुठे आकडा रंगवलेला नसतो. टीव्हीवर अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे नवल वाटते, कारण तिकडे मोटारीच्या दारावर आणि टपावर भलामोठा नंबर असतो, आणि लोक चालकाइतकेच त्या नंबरावर जीव टाकतात.

याचे मूळ शर्यतीच्या आकारात आहे. तिकडे तीस-चाळीस मोटारी एकाच गोल वाटेवर शेकडो फेऱ्या मारतात. कोण कितव्या फेरीत आहे हे डोळ्यांना समजत नाही. यंत्रे येण्याआधी मोजणारी माणसे प्रत्येक नंबराच्या फेऱ्या हाताने कागदावर टिपत. म्हणजे नंबर आधी हिशेबासाठी आला. प्रेम मागाहून जडले.

हा हिशेब किती दुखवू शकतो याचे उदाहरण ३४ नंबरचे आहे. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकार संघटनेच्या आजच्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत झाली, ती जिम रोपर यांनी ३४ नंबरच्या लिंकन मोटारीतून जिंकली. पुढे हाच नंबर वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाचा झाला. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होते, तरी चषक दिला गेला बक बेकर या गोऱ्या चालकाला. लोक पांगल्यावर, काही तासांनी, मोजणीत चूक झाल्याचे सांगून विजय स्कॉट यांच्या नावे लिहिला गेला. संघटनेकडून चषक त्यांच्या कुटुंबाला मिळाला २०२१ मध्ये. स्कॉट १९९० मध्येच वारले होते. दोन फेऱ्यांची आघाडी कुणाच्याच नजरेला पडली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तिकडे नंबराची मालकी संघटनेकडे असते. ती तो संघमालकाला वापरायला देते, चालकाला नव्हे. तरीही नंबर घराण्यात उतरतो. ली पेटी ४२ नंबर चालवत. मुलगा रिचर्ड याने लगतचा ४३ घेतला आणि आपल्या २०० विजयांपैकी बहुतेक त्याच नंबरावर मिळवले. ३ नंबरची कहाणी याहून मोठी. रिचर्ड चिल्ड्रेस हे आधी स्वतः तो नंबर चालवत. नंतर त्यांच्या संघात आलेल्या डेल अर्नहार्ट यांनी आपल्या सात अजिंक्यपदांपैकी सहा तिथे जिंकली. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अर्नहार्ट अपघातात गेले. चिल्ड्रेस यांनी ३ बाजूला ठेवला आणि मोटारीवर २९ रंगवून केव्हिन हार्विक या नव्या चालकाला बसवले. त्या वर्षी प्रेक्षक तिसऱ्या फेरीला तीन बोटे वर करून उभे राहत. मुख्य मालिकेत तो नंबर परतला २०१४ मध्ये, चिल्ड्रेस यांचा नातू ऑस्टिन डिलन याच्या मोटारीवर. डिलनने डेटोना ५०० जिंकली ती तारीख होती १८ फेब्रुवारी २०१८.

आता आपल्या घाटाकडे या. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटांत एका वेळी एकच गाडा पळतो आणि तो घड्याळाशी पळतो. दुसऱ्याशी गल्लत व्हायचा प्रश्नच नाही, म्हणून अंगावर आकडा लागत नाही. आकडा लागतो तो आधी आणि नंतर. आधीचा म्हणजे टोकनचा : बारी कितवी, कोणत्या दिवशी. सकाळच्या गारव्यातली बारी आणि भर दुपारची बारी यांत बैलाला फरक पडतो, त्यामुळे टोकन निघताना गाडामालकांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. नंतरचा आकडा सेकंदांवरून ठरतो. ठरलेल्या वेळेच्या आत घाट चढलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढच्या वेळेतले दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्या नंबरात वीस-तीस गाडेही असू शकतात आणि बक्षीस त्यांच्यात वाटले जाते. सर्वांत कमी वेळ घेणारा तो घाटाचा राजा. ही पद्धत मला फार शहाणी वाटते. लहान शेतकऱ्याची चौकडीही बड्या गाडामालकाच्या शेजारी त्याच नंबरात बसते.

सातारा-सांगलीकडच्या मैदानात चित्र वेगळे. तिथे दोन बैलांच्या गाड्या शेजारी-शेजारी सुटतात, वर गाडीवान असतो. म्हणून चिठ्ठीवर गट आणि तास (म्हणजे पळायची पट्टी) यांचे नंबर येतात आणि निकालापर्यंत तेच लक्षात ठेवावे लागतात. एकत्र पळायचे म्हटले की नंबर आलाच.

आपल्याकडे टोकनचा आकडा यात्रेबरोबर संपतो. पुढच्या घाटात नवे टोकन. टिकते ते मालकाचे आणि बैलाचे नाव. इथेच मला बंदीची वर्षे आठवतात. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीने तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. बंदीत सात वर्षे गेली. रंगवलेला ३ तेरा वर्षांनीही होता तसाच परतला. खिलार बैलाचे तसे नसते. २०१४ मध्ये ऐन भरात असलेला बैल २०२१ मध्ये म्हातारा झाला होता, आणि त्या वर्षांत वाढलेल्या कित्येक खोंडांनी घाट पाहिलाच नाही. बैलांचे हाल होऊ नयेत म्हणून नियम हवेतच. प्रशासनाच्या परवानगीशिवाय आता शर्यत होत नाही, हे योग्यच आहे. पण त्या काळातल्या बैलांची कामगिरी कुठल्याच वहीत नाही, ही हानी खरी आहे.

आता मात्र बैलालाही कायमचा नंबर मिळाला आहे : कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी आकडा. तो एकाच जनावराचा, दुसऱ्याला जात नाही. यात्रा कमिट्यांनी बारीच्या वेळेपुढे गाडामालकाच्या नावासोबत चारही बैलांचे हे आकडे लिहायला सुरुवात केली, तर कोणत्या बैलाने कोणत्या घाटात किती सेकंद घेतले याची लेखी नोंद तयार होईल. येत्या यात्रेपासून हे करता येण्याजोगे आहे.

(पुढील भागात : हातातल्या घड्याळाकडून डिजिटल घड्याळाकडे)