घरातल्या माणसाला सांभाळायचे पैसे मिळतात का?

तायांनो, घनसावंगीकडच्या एका गटातल्या ताई सलग तीन मिटींगला आल्या नाहीत. घरी गेले तर बावीस वर्षांचा मुलगा जन्मापासून अंथरुणात. उचलणं, भरवणं, धुणं सगळं त्यांच्याकडेच. कापूस वेचणीचा रोजही बुडालेला. म्हणाल्या, "मॅडम, याचं सरकार काही देतं का?"

सरळ सांगते. सांभाळणारीच्या नावाने दर महिन्याला पैसे देणारी योजना आपल्या राज्यात अजून नाही. पैसा येतो तो आजारी माणसाच्या नावाने. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं आणि घरचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत. अर्ज तहसीलला द्यायचा. सोबत आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र.

गाडी अडते ती या प्रमाणपत्रावर. युडीआयडी कार्डाचा अर्ज सेतूवाला ऑनलाइन भरून देतो, पण तपासणीला माणूस दवाखान्यात न्यावा लागतो. पडून असलेल्याला एसटीत कसं न्यायचं? गाडीभाड्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घ्या, ते याचसाठी आहे.

मुलगा मतिमंद असेल आणि वय १८ च्या पुढे गेलं, की बँक सही मागते. तेव्हा कायदेशीर पालक नेमून घ्यायचा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते. आईबापांनी हा अर्ज वेळेत करावा. आपण गेल्यावर काय, ही धास्ती त्या ताईंच्या बोलण्यात सारखी येत होती.

आता सांभाळणारीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता लिहिलेला आहे. केरळ सरकार 'आश्वासकिरणम्' योजनेत सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतं. कापूस वेचणीचे दोन-तीन रोज म्हणा. पण निदान ते काम आहे, एवढं तरी तिथं मानलंय. आपल्याकडे अजून "आईच ती, करणारच" असंच चालतं.

तोवर ग्रामपंचायतीला विचारा: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, यंदा तो कशावर गेला? ग्रामसभेत एकटीने उठू नका, दोन गट मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, मिटींगला येताना आणते.