एकच काडतूस, दोन नळ्या आणि शिशाची गोळी

अमेरिकेत रायफल आणि रिव्हॉल्व्हर एकाच काडतुसावर चालवण्याची हौस जुनी आहे. 1873 साली विंचेस्टरने आपल्या नव्या रायफलीसोबत .44-40 हे काडतूस आणले. काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि पट्ट्यातली काडतुसे दोन्हीकडे चालू लागली. आज तीच सोय .357 मॅग्नम, .44 मॅग्नम आणि .45 कोल्ट यांच्यात मिळते. सोय खरीच आहे. पण काडतूस एक म्हणजे गोळीचा व्यासही एकच, असे जे गृहीत धरले जाते ते खरे नाही. घरी शिसे ओतून गोळ्या करणाऱ्या नेमबाजांची निम्मी डोकेदुखी या एका गृहीतकातून सुरू होते.

आधी कायद्याचे सांगतो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. म्हणून पुढचे सगळे तिथल्या छंदाविषयी आहे.

पहिला गैरसमज नावाचा. .44 मॅग्नमची गोळी 0.44 इंचाची असते असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती 0.429 ते 0.430 इंचांची असते, आणि .38 स्पेशलची 0.357 ते 0.358. कारण इतिहासात आहे. सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हर काडतुसांत गोळी बाहेरून पितळी केसच्या जाडीएवढी असे, फक्त तिची टाच आत बसे. पुढे अख्खी गोळी केसच्या आत गेली, त्यामुळे तिचा व्यास घटला. नाव मात्र जुनेच राहिले. .45 कोल्टमध्ये तर एकाच नावाखाली माप बदलले: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्या साधारण 0.454 इंचांच्या, नंतरच्या 0.451 ते 0.452 च्या. .44-40 चे मूळ माप 0.427 च्या आसपास, पण आजच्या अनेक नकलांच्या नळ्या 0.429 च्या असतात. नळीवर कोरलेला आकडा पाहून गोळीचे माप ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

जाता जाता चित्रपटांनी पसरवलेली एक समजूत. काउबॉयकडे .45 कोल्टची रायफल आणि .45 कोल्टचे रिव्हॉल्व्हर अशी जोडी असे, हे खोटे आहे. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .45 कोल्टची रायफल बनवलीच नाही. त्या काडतुसाची कड फार अरुंद होती, केस बाहेर ओढणाऱ्या रायफलच्या आकड्याला ती नीट धरता आली नसती, हे त्यामागचे कारण मानले जाते. .45 कोल्टची जोडी ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट.

आता मुख्य प्रश्न. गोळी किती जाड हवी? पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाउ’ म्हणतात. इथे सगळा खेळ त्या एक-दोन थाउंचा आहे. माणसाचा केस साधारण तीन थाउ जाड असतो, यावरून अंदाज यावा. नळीच्या आत आटे पाडलेले असतात. समोरासमोरच्या खाचांमधले अंतर म्हणजे खाचेचा व्यास. शिशाची ओतीव गोळी या व्यासापेक्षा एक ते दोन थाउ जास्त असावी, हा अनुभवाने पक्का झालेला नियम आहे.

हे ऐकल्यावर अनेकांना भीती वाटते की जाड गोळीने नळी फुटेल. शिसे मऊ असते. एक-दोन थाउ जादा असलेली गोळी आट्यांत दाबली जाते आणि तिथेच घट्ट बसते. खरा धोका दुसरीकडे आहे. गोळी जाड झाली की भरलेल्या काडतुसाची मानही जाड होते. ती चेंबरमध्ये आवळून बसली तर बार उडताना केसला फुगायला जागा उरत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब चढतो. .44-40 च्या काही घट्ट चेंबरमध्ये 0.430 ची गोळी घातलेले काडतूस आतच जात नाही. म्हणून आधी दारू आणि प्रायमर न घालता एक नमुना काडतूस बनवावे आणि ते दोन्ही हत्यारांत स्वतःच्या वजनाने सरकते का ते पाहावे. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या सगळ्या घरांत पाहावे, एकात नव्हे.

सर्वांत चिवट गैरसमज कठीणपणाचा. नळीत शिसे चिकटले की लगेच ‘गोळी मऊ पडली, मिश्रण कडक करा’ असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर पेटलेल्या दारूचा वायू तिच्या कडेने पुढे पळतो, शिसे खरवडतो आणि नळीत थापतो. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा सुमारे 5. 90 भाग शिसे, 5 कथील, 5 अँटिमनी या मिश्रणाचा सुमारे 15. लायनोटाइपच्या धातूचा 22 च्या आसपास. छापखाने बंद पडत गेले तेव्हा तो धातू अमेरिकेतल्या ओतकाम करणाऱ्यांनी मिळेल तिथून विकत घेतला. आपल्याकडचे छपाईचे जुने खिळेही शिसे, अँटिमनी, कथील यांच्याच मिश्रणाचे. पण बारीक गोळी कितीही कडक केली तरी बारीकच राहते. उलट मऊ गोळी दाबाखाली थोडी फुगून खाच भरते. कडक गोळी तेही करत नाही.

याला जोडून साइझिंग डायबद्दलचा भ्रम. डाय गोळीला बारीक करते, जाड करत नाही. साच्यातून गोळी 0.428 ची पडली तर 0.431 ची डाय तिला स्पर्शही करणार नाही. अँटिमनी जास्त असेल तर त्याच साच्यातून गोळी किंचित जाड पडते, शुद्ध शिशाची बारीक पडते, म्हणून मिश्रण बदलले की माप पुन्हा घ्यावे. डायमधून एका वेळी दोन-तीन थाउंपेक्षा जास्त उतरवले तर गोळी विद्रूप होते. साचाच योग्य मापाचा घेणे केव्हाही बरे.

हे सगळे कळण्याचा मार्ग एकच, मोजणे, आणि ते हाताने करून पाहण्यासारखे आहे. हत्यार रिकामे आहे हे दोनदा पाहायचे. नळी पुसून तेलाचा हात द्यायचा. मासेमारीच्या गळाला लावतात तसले शुद्ध शिशाचे वजन, नळीपेक्षा किंचित जाड, तोंडाशी ठेवून पितळी सळईने हलके ठोकत आत न्यायचे. लाकडी काठी वापरू नये, ती चिरते आणि आत पाचरीसारखी अडकते. पहिल्या काही ठोक्यांत शिसे दाबले जाते, मग सळई एकसारख्या जोराने सरकू लागते. मध्येच ते सैल झाले तर नळी तिथे रुंद आहे. मध्येच अडले तर तिथे आवळलेली आहे. बाहेर आलेल्या तुकड्यावर आटे स्पष्ट उमटलेले असतात. ते मायक्रोमीटरने मोजायचे, व्हर्नियर कॅलिपरवर एका थाउचा भरवसा ठेवता येत नाही. नळीला पाच खाचा असतील तर साधा मायक्रोमीटरही फसतो, कारण खाचेसमोर खाच येत नाही. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांत पाच खाचांच्या नळ्या सर्रास आढळतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक माप असते, जे रायफलमध्ये नसते: सिलिंडरचा गळा. गोळी केसमधून सुटली की आधी या गळ्यातून जाते, मग नळीत. गळा नळीपेक्षा बारीक असेल तर 0.432 ची गोळीही तिथेच दाबली जाऊन 0.429 ची होते आणि 0.431 च्या नळीत सैल पडते. अशा वेळी कुठलीही डाय उपयोगाची नाही. जाणत्या गनस्मिथकडून गळे रीमरने मोठे करून घेणे हाच इलाज.

समजा, .44 मॅग्नमच्या रायफलीची खाच 0.431, रिव्हॉल्व्हरची 0.429 आणि गळे 0.431 भरले. रिव्हॉल्व्हरला 0.430 पुरते, पण रायफलीत ती गोळी सैल. रायफलीला 0.432 हवी. ती घातलेले काडतूस सिलिंडरमध्ये सहज बसत असेल तर दोघांसाठी तेच माप ठेवावे. गळ्यात थोडी दाबली जाऊन ती 0.429 च्या नळीत निमूट जाईल. बसत नसेल तर 0.431 वर थांबावे आणि रायफलीत किती शिसे चिकटते ते कापडाने पुसून पाहावे. दोन्हीत बसणारे सर्वांत मोठे माप, ही माझ्या मते योग्य दिशा. जुळवणूक होतच नसेल तर दोन वेगळे डबे, दोन चिठ्ठ्या.

उथळ आणि पुष्कळ आटे असलेल्या मार्लिन रायफलींच्या नळ्यांबद्दल ‘यात ओतीव गोळी चालतच नाही’ असे पक्के मत ऐकू येते. तिथेही बहुधा बारीक गोळीच गुन्हेगार असते. रायफलीच्या लांब नळीखालच्या मॅगझिनमध्ये मात्र टोकदार गोळी कधीच नको: तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते. चपट्या नाकाचीच घ्यावी.

शिसे ओतताना धुराची भीती सगळ्यांना असते. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, आणि ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारच थोडी होते. शरीरात ते जाते ते मुख्यतः हातांवरून आणि वर साचणाऱ्या राखेच्या धुळीतून. खिडक्या उघड्या हव्यातच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे काही खाऊ-पिऊ नये, राख कोरडी झाडू नये, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुऊन कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत.