विश्लेषण : बॅकअप आहे, पण फाइल परत मिळेल का?

ईश्वरपूर : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. वाळवा तालुक्यातील नदीकाठच्या गावांना दोन्ही वेळा फटका बसला. भिजलेल्या संगणकाच्या जागी नवा घेता येतो. दूध संस्थेचे हिशेब किंवा पतसंस्थेची खतावणी मात्र बाजारात मिळत नाही. ती बॅकअपमधूनच परत आणावी लागते.

धोका फक्त पुराचा आहे का?

नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. हा विषाणू फाइलींना कुलूप घालतो आणि खंडणी मागतो. बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर असल्याने त्याला बाधा झाली नाही, असे महामंडळाने तेव्हा स्पष्ट केले होते. बॅकअपची डिस्क कायम संगणकालाच जोडलेली असेल, तर विषाणू तिलाही सोडत नाही.

बॅकअप असूनही फाइल का मिळत नाही?

कारण तो कधी उघडून पाहिलेलाच नसतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. मधल्या काळातील नोंदी मात्र गेल्या.

कमांड लाइन कशासाठी?

बॅकअपसाठी घेतलेले सॉफ्टवेअर नव्या संगणकावर असेलच असे नाही. कमांड लाइनची साधने सहसा हाताशी असतात. लिनक्सवर ‘टार’ आणि ‘आरसिंक’ मोफत मिळतात. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ आधीपासूनच असते, तर विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘टार’ही आले.

फाइल परत कशी आणायची?

पहिली पायरी यादी पाहण्याची. ‘टार’ला ‘टी’ हे अक्षर जोडले, की गठ्ठ्यात काय आहे ते दिसते. काहीही बदलत नाही. हवी ती फाइल दिसली, की ‘एक्स’ जोडून ती बाहेर काढावी. ती मूळ जागी न टाकता रिकाम्या फोल्डरमध्ये काढावी, म्हणजे चालू फाइलवर जुनी बसणार नाही. त्यासाठी मोठ्या लिपीतील ‘सी’ आणि त्यापुढे फोल्डरचे नाव द्यावे.

‘आरसिंक’मध्ये ‘एन’ जोडल्यास फक्त रंगीत तालीम होते: काय कॉपी होणार ते दिसते, पण काहीही हलत नाही. ‘रोबोकॉपी’त हेच काम ‘एल’ करतो.

चूक कोठे होते?

दिशेत. दोन्ही साधनांत आधी ‘कोठून’ आणि मग ‘कोठे’ लिहायचे असते. ‘रोबोकॉपी’तील ‘एमआयआर’ किंवा ‘आरसिंक’मधील ‘डिलीट’ हा पर्याय दुसरी बाजू हुबेहूब पहिलीसारखी करतो. नवी रिकामी डिस्क चुकून पहिल्या जागी लिहिली, तर बॅकअपच पुसला जातो. फाइली परत आणताना हे पर्याय वापरू नयेत. हल्ल्यानंतर तर संगणक पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय बॅकअपची डिस्क जोडूच नये.

तयारी कधी करावी?

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा सर्वमान्य नियम आहे. बहे किंवा बोरगावसारख्या कृष्णाकाठच्या गावातील संस्थेने एक प्रत ईश्वरपुरात ठेवली, तरी बराच धोका टळतो. त्यानंतर मार्चअखेरच्या ताळेबंदाची एक फाइल दुसऱ्या संगणकावर परत आणावी, उघडावी आणि बेरीज जुळते का ते पाहावे. बेरीज जुळली, तरच बॅकअप आहे असे समजावे.